यहुदीद्वेष आणि मराठी यहुद्यांचें उत्तर

मनुष्यानें मनुष्याचा द्वेष करण्यास बहुधा कांहीं तरी निमित्त घडावें लागतें: बांधाचा तंटा, देण्याघेण्याची बाब, नाहीं तर मनाला बोचलेला एखादा शब्द. परंतु जगांत एक द्वेष असा आहे कीं, तो करणाऱ्यानें ज्याचा द्वेष करावयाचा त्याला पुष्कळदां पाहिलेलेंहि नसतें. हा द्वेष म्हणजे यहुदी, अथवा ज्यू, लोकांचा द्वेष होय. आपल्या कर्जत तालुक्यांतील बहुतेक विद्यार्थ्यांनीं यहुदी मनुष्य डोळ्यांनीं पाहिला नसेल. मग या विषयाचा आपल्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला हा कीं, या द्वेषाच्या इतिहासांतील दोन प्रकरणें आपल्याच जिल्ह्याच्या मुख्य शहराशीं, म्हणजे ज्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे त्या अहमदनगराशीं, जोडलेलीं आहेत. दुसरा हा कीं, ज्यांची मातृभाषा मराठी आहे अशा यहुद्यांचा एक समाज आपल्या कोंकणांत शेंकडों वर्षें नांदला. आणि तुच्छतेला व द्वेषाला उत्तर कसें द्यावें याचा त्यानें घालून दिलेला धडा कोणत्याहि शाळेंतील मुलानें शिकावा असा आहे.

हा द्वेष उत्पन्न कसा झाला तें प्रथम पाहूं. इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें यरुशलेमचें मंदिर उद्ध्वस्त केलें, आणि यहुदी लोक देशोदेशीं अधिकच पांगले. जेथें गेले तेथें ते संख्येनें थोडे होते. शिवाय आपला शब्बाथ, आपले सण व आपले खाण्यापिण्याचे नियम सोडण्यास ते तयार नव्हते. थोडे असणें आणि वेगळे असणें हा कांहीं अपराध नव्हे. परंतु युरोपांत तो अपराध मानला गेला. येशूच्या मरणाचा दोष त्या सर्व लोकांच्या व त्यांच्या पुढील पिढ्यांच्या माथीं मारण्यांत आला. येशू स्वतः यहुदी, त्याची माता यहुदी, त्याचे बाराहि शिष्य यहुदी. त्याला वधस्तंभीं देण्याची आज्ञा करणारा सुभेदार पिलात मात्र रोमी. हें सर्व शुभवर्तमानांत स्पष्ट लिहिलेलें असतां स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनींच हा आरोप शेंकडों वर्षें चालविला. ही गोष्ट ख्रिस्ती शाळेच्या अंकांत झांकून ठेवण्याजोगी नाहीं; उलट येथें तर ती आधीं सांगितली पाहिजे.

एकदां दोष ठरला, म्हणजे पुरावे आपोआप गोळा होऊं लागतात. युरोपांतील अनेक देशांत यहुद्यांस जमीन घेण्याची मनाई होती, आणि कारागिरांच्या संघांतहि त्यांना प्रवेश नसे. राहतां राहिला सावकारीचा व व्यापाराचा धंदा. तो त्यांनीं पत्करला, म्हणजे तेच लोभी ठरले! हात बांधून पाण्यांत टाकावयाचें आणि पोहतां येत नाहीं म्हणून हसावयाचें, त्यांतलाच हा प्रकार. १३४८-४९ सालीं युरोपांत प्लेगची भयंकर सांथ आली, तेव्हां यहुद्यांनीं विहिरींत विष कालविलें अशी आवई उठली. यहुदीहि त्याच सांथीनें मरत होते, हें कोणी ध्यानांत घेतलें नाहीं. वस्त्याच्या वस्त्या जाळण्यांत आल्या. इंग्लंडनें त्यांना १२९० सालीं देशाबाहेर घालविलें, स्पेननें १४९२ सालीं. धर्मसुधारक म्हणून ज्याचें नांव आपण आदरानें घेतों, त्या मार्टिन ल्यूथरनेंहि १५४३ सालीं यहुद्यांविरुद्ध अत्यंत कठोर लेखन केलें.

एकोणिसाव्या शतकांत या जुन्या द्वेषानें नवा वेष घेतला. तोंवर यहुद्यानें धर्म बदलला, तर पुष्कळ ठिकाणीं निदान त्याचा जीव वांचे. आतां असें सांगण्यांत येऊं लागलें कीं, दोष धर्माचा नसून रक्ताचा आहे. १८७९ च्या सुमारास जर्मनींत या मतास ‘अँटिसेमिटिझम’ हें नांव रूढ झालें. रक्त तर कोणासच बदलतां येत नाहीं. तेव्हां सुटकेची ती एक वाटहि बंद झाली. पुढें रशियांत एक बनावट कागद प्रसिद्ध झाला. यहुदी पुढारी साऱ्या जगावर सत्ता मिळविण्याचा गुप्त कट करीत आहेत, असें त्यांत लिहिलें होतें. तो कागद दुसऱ्याच एका जुन्या पुस्तकावरून उचललेला आहे, हें लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रानें १९२१ सालीं उघडकीस आणलें. तरीहि तो खरा मानणारे लोक आजतागायत आढळतात. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरच्या हातीं सत्ता आली. १९३५ च्या कायद्यांनीं यहुद्यांचे नागरिकत्वाचे हक्क हिरावून घेतले. नोव्हेंबर १९३८ मध्यें एका रात्रींत त्यांचीं शेंकडों प्रार्थनामंदिरें जाळलीं. आणि १९४५ पर्यंत सुमारें साठ लक्ष यहुदी ठार करण्यांत आले. त्यांतील सुमारें पंधरा लक्ष मुलें होतीं. हा आंकडा शाळेंत बसून वाचणाऱ्या मुलांनीं अंमळ थांबून वाचावा.

या भयंकर प्रकारानंतर ख्रिस्ती मंडळ्यांनाहि आपल्या जुन्या शिकवणुकीचा जाब स्वतःस विचारावा लागला. रोमन कॅथलिक मंडळीच्या महासभेनें १९६५ सालीं असें जाहीर केलें कीं, येशूच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर, अथवा आजच्या यहुद्यांवर, ठेवतां येत नाहीं. अमेरिकेंतील मोठ्या ल्यूथरपंथी मंडळीनें १९९४ सालीं ल्यूथरच्या त्या लिखाणाचा उघड निषेध केला. उशिरां कां होईना, हें घडलें तें योग्यच झालें.

या सर्व इतिहासाकडे पाहिलें असतां या द्वेषाचीं तीन लक्षणें दिसतात. एकाच्या कृत्यासाठीं सर्व समाजास जबाबदार धरणें, हें पहिलें. दुसरें, परस्परविरुद्ध आरोप एकदम करणें: यहुदी भांडवलवाले म्हणूनहि वाईट आणि साम्यवादी म्हणूनहि वाईट, वेगळे राहिले तर घमेंडखोर आणि मिसळले तर घुसखोर. तिसरें व मुख्य लक्षण हें कीं, समोरच्या माणसाकडे न पाहतां त्याच्यावर डकविलेल्या नांवाच्या चिठ्ठीकडेच पाहणें. हें तिसरें लक्षण ध्यानांत धरून आतां आपण आपल्या नगराकडे वळूं.

सोळाव्या शतकांत अहमदनगरच्या गादीवर बुऱ्हाण निजामशहा राज्य करीत होता. त्याच्या दरबारीं गार्सिया द ओर्ता नांवाचा एक पोर्तुगीज वैद्य येत असे. याचे आईबाप स्पेनमधून घालविलेल्या यहुद्यांपैकीं होते. ते पोर्तुगालमध्यें आले. परंतु तेथेंहि १४९७ सालीं यहुद्यांस बळानें ख्रिस्ती करण्यांत आलें. गार्सिया १५३४ सालीं हिंदुस्थानांत आला व गोव्यास राहूं लागला. निजामशहास तो औषध देई, आणि दरबारच्या हकिमांशीं वनस्पतींच्या गुणधर्मांविषयीं चर्चा करी. या देशांतील औषधी वनस्पती, फळें व मसाले यांविषयीं त्यानें संवादरूपानें एक ग्रंथ लिहिला; तो १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला, आणि त्याच्या भाषांतरांवरून युरोपांतील वैद्यांनीं पुष्कळ ज्ञान मिळविलें. नगरच्या दरबारांत त्याची किंमत त्याच्या विद्येवरून झाली.

गोव्यांत मात्र १५६० सालीं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारें धर्मन्यायासन, स्थापन झालें होतें. गार्सिया १५६८ सालीं मरण पावला. पुढच्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला, ती गुप्तपणें यहुदी धर्म पाळते या आरोपावरून, जिवंत जाळण्यांत आलें. भाऊहि मनानें यहुदीच होता असें चौकशींत निघालें. तो तर मेलेला. मग शिक्षा कोणास करावी? १५८० सालीं त्याचीं हाडें थडग्यांतून उकरून काढून जाळण्यांत आलीं. त्यानें किती रोग्यांस बरें केलें आणि जगास किती ज्ञान दिलें, याचा विचार त्या न्यायासनानें केला नाहीं. त्याचे आईबाप कोण होते, एवढेंच पाहिलें. गोव्यांतील हें न्यायासन मध्यंतरीं थोडीं वर्षें बंद होतें. तें कायमचें १८१२ सालीं बंद झालें.

आतां याच किनाऱ्यावर थोडें उत्तरेस जाऊं. अलिबागजवळील नवगांव येथें पुरातन काळीं एक जहाज फुटलें, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी कोंकणांतील यहुद्यांची परंपरागत कथा आहे. हे लोक स्वतःस बेने-इस्राएल म्हणवितात. तेल गाळणें हा त्यांचा मुख्य धंदा झाला. ते गांवोगांव वसले आणि त्या गांवांवरून त्यांचीं आडनांवें पडलीं: केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. त्यांची भाषा मराठी झाली आणि स्त्रियांचा वेष लुगड्याचा. प्रेषित एलियाच्या नांवानें ते पोहे, गूळ व ओलें खोबरें यांचा मलिदा करूं लागले. परंतु शब्बाथ, सुंता व ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनीं सोडली नाहीं. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गांव त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागलें. या नांवांत मोठा अर्थ आहे. युरोपांतील गांवानें यहुद्याच्या वेगळेपणाचा गुन्हा केला. कोंकणांतील गांवानें त्याचें केवळ नांव केलें. तेल्याच्या धंद्याला गांवांत जो मान किंवा अपमान होता, तोच त्यांच्या वांट्यास आला. यहुदी म्हणून वेगळा छळ त्यांना सोसावा लागला नाहीं.

परंतु यावरून आपण गर्वानें फुगून जाण्याचें कारण नाहीं. ज्या समाजानें यहुद्यास छळलें नाहीं, त्याच समाजानें अस्पृश्य ठरविलेल्या आपल्याच बांधवांस पाणवठ्यावर येऊं दिलें नाहीं. युरोपांत विहिरींत विष कालविल्याचा आळ, तर येथें विहीर बाटविल्याचा आळ. आणि दोन्हींकडे गुन्हा एकच, तो जन्माचा. ज्या कुलाबा जिल्ह्यांत बेने-इस्राएल निर्भयपणें राहिले, त्याच जिल्ह्यांत महाड येथें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. म्हणून यहुदीद्वेष हा कोणा परक्या लोकांचा रोग आहे, असें समजून आपण स्वस्थ बसूं नये. रोगाचें नांव देशोदेशीं बदलतें, बीज तेंच असतें.

छळ नसला तरी हिणविलें जाण्याचे प्रसंग बेने-इस्राएलांवर अनेकदां आले. त्या प्रसंगीं ते कसे वागले तें आतां पाहूं.

त्यांचें पहिलें उत्तर विद्येचें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत व कोंकणांत मिशनरी लोक आले. या लोकांस त्यांचाच जुना धर्मग्रंथ व हिब्रू भाषा शिकवावी, म्हणजे ते ख्रिस्ती होतील, अशी त्यांची आशा होती. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केलें. बेने-इस्राएलांनीं ही विद्या आनंदानें घेतली; त्यांच्यापैकीं कित्येक मिशनच्या शाळांत शिक्षक झाले; परंतु धर्म बदलणारे फारच थोडे निघाले. त्यांनीं मिशनरी लोकांशीं वैरहि धरलें नाहीं आणि आपलें घरहि सोडलें नाहीं. मिळालेल्या विद्येच्या बळावर त्यांनीं आपल्या प्रार्थना मराठींत आणल्या. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा ‘हग्गादा’ १८७४ सालीं पुण्यांत मराठी भाषांतरासह छापला गेला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनीं तर अनेक प्रार्थनाग्रंथांचें भाषांतर केलें. १८७५ सालीं हाईम सामुएल केहीमकर व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत आपल्या मुलांसाठीं शाळा काढली. तीच पुढें माझगांवची सर एली कदूरी शाळा झाली. रिबेका रूबेन या विदुषीनें तेथें मुख्याध्यापिका म्हणून दीर्घ काळ काम केलें. पुढें यहुदी मुलें कमी झालीं. परंतु शाळा बंद पडली नाहीं. आज तेथें शिकणारीं बहुतेक मुलें इतर धर्मांचीं आहेत. स्वतःच्या उन्नतीसाठीं लावलेल्या झाडाची सावली आज शेजाऱ्यांस मिळत आहे.

दुसरें उत्तर परस्पर साहाय्याचें. हिटलरच्या राज्यांतून जीव घेऊन निघालेले यहुदी वैद्य, चित्रकार, संगीतज्ञ व व्यापारी मुंबईस येऊं लागले. त्यांच्यासाठीं तेथील यहुद्यांनीं १९३४ सालीं एक साहाय्य-संघ स्थापन केला. आलेल्या माणसाचा भार सरकारावर पडणार नाहीं, अशी हमी हा संघ देई, आणि त्यास काम मिळेपर्यंत मदत करी. या आश्रितांपैकीं वॉल्टर कॉफमन हे संगीतज्ञ १९३४ सालीं आले. आकाशवाणीचे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीं जी धून आपले आईबाप व आजोबा वर्षानुवर्षें ऐकत आले, ती त्यांनीं रचली असें मानलें जातें. ज्याला त्याच्या देशानें नको म्हटलें, त्याचे सूर आपल्या देशाच्या पहांटेंत मिसळून गेले.

आणि येथेंच नगरचें दुसरें प्रकरण येतें. सप्टेंबर १९३९ मध्यें महायुद्ध पेटलें, आणि हिंदुस्थानांतील इंग्रज सरकारनें जर्मन प्रजाजनांस शत्रू म्हणून पकडून अहमदनगर येथील छावणींत ठेवलें. त्यांत नाझी पक्षाचे लोक होते, आणि त्याच नाझींच्या छळामुळें देश सोडून आलेले यहुदीहि होते! हिटलरच्या सरकारनें १९३८ पासून यहुद्यांच्या पारपत्रांवर यहुदीपणाची खूण म्हणून तांबडें अक्षर उमटविण्यास आरंभ केला होता. हा आमचा नव्हे, असा त्याचा अर्थ. इंग्रज अधिकाऱ्यानें त्याच पारपत्रावरील ‘जर्मन’ हा शब्द वाचला, आणि हा शत्रूचा मनुष्य असें ठरविलें. एकाच कागदावरून एका सरकारनें त्यास परका ठरवावें आणि दुसऱ्यानें वैरी ठरवावें, याहून चिठ्ठी पाहून न्याय करण्याच्या रीतीचें फोल स्वरूप दुसरें काय दाखवावयाचें? अर्थात् इंग्रज सरकारच्या मनांत यहुदीद्वेष होता असें नव्हे. युद्धाच्या घाईंत त्यानें माणसें निवडलीं नाहींत, एवढेंच. पुढें साहाय्य-संघानें सरकारकडे दाद मागितली. चौकशी समितीनें एकेका माणसाचा स्वतंत्र विचार केला, आणि यहुद्यांपैकीं बहुतेकांस कांहीं महिन्यांत सोडून देण्यांत आलें. काहींना मात्र युद्ध बिकट झाल्यावर पुन्हा अटकेंत राहावें लागलें. या हकीकतींतच रोगाचें औषधहि आहे: ज्या क्षणीं माणूस म्हणून माणसाची चौकशी झाली, त्या क्षणीं अन्यायाची गांठ सुटूं लागली.

तिसरें उत्तर न्याय्य मार्गानें हक्क मागण्याचें. हा प्रसंग आला तो आपल्याच धर्मबंधूंकडून. १९४८ सालीं इस्राएलचें राज्य स्थापन झालें, आणि बेने-इस्राएलांपैकीं बरेच लोक हळूहळू तिकडे गेले. त्यांना येथून कोणीं घालविलें नाहीं. ते आपल्या इच्छेनें गेले. परंतु तेथील मुख्य धर्माधिकाऱ्यांनीं यांच्या यहुदीपणाविषयींच शंका काढली, आणि विवाहापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची विशेष चौकशी करावी, अशी सूचना १९६२ च्या सुमारास दिली. ज्या लोकांनीं कोंकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतकें शनिवार पाळला, त्यांना आतां वंशाचा दाखला मागण्यांत आला! ज्यांनीं द्वेष सोसला त्यांच्या हातूनहि दुसऱ्यास हिणविण्याची चूक घडते, हें यावरून शिकावें. बेने-इस्राएल डगमगले नाहींत. त्यांनीं सभा भरविल्या, अर्ज केले, आणि १९६४ च्या उन्हाळ्यांत यरुशलेम शहरांत धरणें धरलें. सत्याग्रहाची ही रीत त्यांनीं आपल्या मायदेशांतून बरोबर नेली, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें तेथील लोकसभेनें, बेने-इस्राएल हे सर्वतोपरी यहुदीच आहेत असें जाहीर केलें, आणि धर्माधिकाऱ्यांसहि सूचनेंतून त्यांचें नांव काढावें लागलें.

चौथें उत्तर शेजाऱ्याशीं बोलण्याचें. २००६ सालीं नवी मुंबईंत खारघर येथें एक उपाहारगृह हिटलरच्या नांवानें उघडण्यांत आलें. आंत त्याचें चित्र लाविलें होतें. लोकांचें लक्ष वेधावें, एवढाच मालकाचा हेतु होता. मुंबईच्या यहुदी समाजाच्या लोकांनीं निषेध केला, पण दगड उचलला नाहीं. ते मालकास भेटले, आणि त्या नांवामागें किती माणसांचें मरण आहे तें त्यांनीं त्यास समजावून सांगितलें. थोड्याच दिवसांत नांव बदललें. अज्ञानाला समजूत घालणें हेंच औषध आहे. आणि जेथें तें लागू पडतें तेथें दुसरें देऊं नये.

परंतु सर्वच द्वेष अज्ञानाचा नसतो. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर जो अतिरेक्यांचा हल्ला झाला, त्यांत कुलाब्यांतील नरीमन हाऊस ही यहुदी प्रवाशांच्या उताऱ्याची व प्रार्थनेची जागा मुद्दाम निवडलेली होती. तेथें धर्मगुरु गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का व आणखी चार यहुदी मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे वांचला. त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल या बाईंनीं जिवाची पर्वा न करतां त्यास उचलून बाहेर आणलें. मुंबईच्या मुसलमान बांधवांनीं मेलेल्या अतिरेक्यांस आपल्या दफनभूमींत जागा देण्याचें नाकारलें. आणि यहुदी समाजानें काय केलें? त्यानें शोक केला, आपल्या प्रार्थनामंदिरांवर पहारे बसविले. पण दारें बंद केलीं नाहींत. नरीमन हाऊस २०१४ सालीं पुन्हा उघडण्यांत आलें. समुएल इझिकेल, ऊर्फ सामाजी हसाजी, दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत मांडवी भागांत स्थापिलेलें पहिलें प्रार्थनामंदिर आजहि मुसलमान शेजाऱ्यांच्या वस्तींत उभें आहे. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें यहुद्यांस अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. एके काळीं देशांत वीस हजारांच्या वर असलेले हे लोक आज थोड्या हजारांवर आले आहेत. परंतु आपल्या नांवानें व आपल्या मराठी आडनांवानें ते येथें राहात आहेत.

विद्या, परस्पर साहाय्य, हक्काची न्याय्य मागणी आणि शेजाऱ्याशीं संवाद, अशीं हीं चार उत्तरें आहेत. प्रत्येक प्रसंगीं यहुदी समाजानें जणूं एकच गोष्ट सांगितली: आमच्याकडे पाहा, आमच्या नांवाच्या चिठ्ठीकडे नको. हा लेख येथेंच संपवितां आला असता. पण तसें केल्यास वाचकांच्या मनावर एक चुकीचा ठसा उमटेल. सोसणाऱ्यानें शहाणपणानें वागावें, म्हणजे द्वेष नाहींसा होईल, असा तो ठसा. जर्मनींतील यहुदी विद्वान नव्हते काय? त्यांनीं पहिल्या महायुद्धांत त्या देशासाठीं प्राण दिले नव्हते काय? त्यांची विद्या त्यांना वांचवूं शकली नाहीं. कारण बहुसंख्य शेजारी गप्प बसले. द्वेषास उत्तर देण्याचें ओझें एकट्या सोसणाऱ्याच्या डोक्यावर ठेवणें हाहि अन्यायच होय. तें काम शेजाऱ्याचें आहे, म्हणजे आपलें आहे.

तें काम मोठें नाहीं. पण रोजचें आहे. एखाद्या समाजाविषयीं “ते लोक असेच” हे शब्द वर्गांत, चावडीवर किंवा घरांत कानीं पडले, तर विद्यार्थ्यानें नम्रपणें विचारावें: यांतील किती लोकांस आपण स्वतः ओळखतां? आपल्यांतील एकाच्या चुकीसाठीं सर्वांस शिक्षा झालेली आपणांस चालेल काय? वडील माणसांस असा प्रश्न विचारणें हा उद्धटपणा नव्हे, आणि पालकांनींहि तो तसा मानूं नये. हिटलरचें आत्मचरित्र मराठींत भाषांतर होऊन आपल्याकडील पुस्तकांच्या दुकानांतून विकलें जातें, आणि शिस्तीचा व देशभक्तीचा नमुना म्हणून कित्येक तरुण तें विकत घेतात. मुलाच्या हातीं तें दिसलें, तर पालकांनीं हिसकावून घेऊं नये. शेजारीं बसून त्या पंधरा लक्ष मुलांची हकीकत सांगावी. तसेंच, एखाद्या राज्याच्या धोरणावर टीका करणें निराळें, आणि त्या राज्याच्या नांवानें जगांतील प्रत्येक यहुद्यास शिव्या देणें निराळें, हा भेदहि मुलांस शिकवावा. पहिल्यांत मतभेद आहे, दुसऱ्यांत तोच जुना रोग आहे.

कोंकणांतील त्या गांवांनीं कांहीं मोठीं तत्त्वें सांगितलीं नव्हतीं. या घरचा घाणा शनिवारीं फिरत नाहीं, एवढें त्यांनीं जाणलें, आणि शनिवारीं तेल मागितलें नाहीं. शेजाऱ्याचा शनिवार त्याचा त्याला पाळूं देणें, आणि कोणी तो मोडूं आला तर आपण मध्यें उभें राहणें, इतकें प्रत्येकास करतां येण्यासारखें आहे. ज्यांना हें घरच्या पाणवठ्यावर साधेल, त्यांना जगांतहि साधेल.